एकाच घरातले दोन कान

गेल्या वर्षावासातली गोष्ट. महागाव तालुक्यातील एका वस्तीत, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला आम्ही बसलो होतो. बाहेर पाऊस लागलेला, त्यामुळे शेतातली कामे बंद आणि विहार भरलेला. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी कान धरून कण्हत होती. शेजारी तिची काकू चौदा महिन्यांच्या बाळाला घेऊन बसली होती. बाळ रडत नव्हते, शांत होते. पण त्याच्या झबल्याच्या खांद्यावर पिवळा ओला डाग होता आणि जवळ गेल्यावर वास येत होता. दोन्ही लेकरांना आठवडाभर सर्दी होती. घर एकच, चूल एकच, सर्दीही एकाकडून दुसऱ्याला गेलेली.

वाचन संपले आणि सल्ले सुरू झाले. एक आजी म्हणाली, लसूण कढवून कोमट तेल घाला. दुसरीने रुईचे पान शेकून त्याचा रस पिळायला सांगितले. एका तरुणाने सरळ तोड काढली, "मेडिकलातून पॉवरची बाटली आणा, दोघांले अर्धी अर्धी पाजा. दवाखान्यात गेलं तर दिवसाची मजुरी बुडते." त्याला नावे ठेवायचे आमच्या मनात आले नाही, कारण मजुरी खरोखरच बुडते. दुसऱ्या दिवशी उघाड मिळाली तर निंदण होते.

तरीही दोन्ही आया दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी दोघांचे कान बॅटरीने आतून पाहिले. बाळाला अमॉक्सिसिलिनची बाटली दिली. मुलीला फक्त पॅरासिटामॉल दिले आणि तिसऱ्या दिवशी परत दाखवायला सांगितले. घरी आल्यावर खरा गोंधळ झाला. मुलीच्या आजीने विचारले, "पोराला औषध, अन् पोरीला नुसतं तापाचं? पोरगी हाय म्हणून काय?"

आजीचा प्रश्न आम्हाला चुकीचा वाटला नाही. आपल्याकडे मुलीच्या दुखण्याला उशिरा पैसे निघतात, हे कोणाला माहीत नाही? पण या वेळी कारण वेगळे होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

कान दुखतो तो नाकामुळे

नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते. या पोकळीला मधला कान म्हणतात. नळीचे काम तिथे हवा खेळती ठेवणे आणि आतला ओलावा बाहेर काढणे. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलात ती आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजली की बंद पडते, आत पाणी साठते, नाकातले जंतू तिथे पोहोचतात आणि पू होतो. पडद्यावर आतून दाब येतो. तोच ठणका. रात्री आडवे झाल्यावर तो वाढतो, म्हणून ही लेकरे दिवसा खेळतात आणि रात्री घर डोक्यावर घेतात.

आंघोळीचे पाणी कानात गेले म्हणून हा आजार होत नाही. पडदा शाबूत असेल तर बाहेरून घातलेले तेलही पोकळीपर्यंत पोहोचत नाही. आणि पडदा फाटलेला असेल तर ते नको तिथे पोहोचते. दोन्हीकडून तेलाचा उपयोग नाही.

दाब फार वाढला की पडद्याला लहानसे भोक पडते, पू बाहेर येतो आणि ठणका एकदम कमी होतो. आपण म्हणतो, कान फुटला. विहारातले ते बाळ शांत होते ते यामुळे. ज्याचे रडणे थांबले त्याचा आजार जास्त होता आणि जी कण्हत होती तिचा कमी. आई रडण्यावरून आजार मोजते, तेव्हा इथे हमखास फसगत होते.

वाट पाहणे कोणासाठी

मधल्या कानाचा हा आजार बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो. शरीरच त्याला आवरते. नेदरलँड या देशात 1990 पासूनच कुटुंब डॉक्टरांच्या नियमावलीत सांगितले आहे की, मोठ्या, एरवी ठणठणीत मुलाला लगेच प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक देऊ नये. दुखणे कमी करावे आणि दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2004 साली आणि पुन्हा 2013 साली निवडक मुलांसाठी हाच मार्ग मान्य केला.

जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने मांडलेला हिशोब असा. औषध द्या किंवा न द्या, दहापैकी सहा मुलांचे दुखणे पहिल्या चोवीस तासांतच थांबते. त्यानंतरच्या दिवसांत वीस मुलांना प्रतिजैविक दिले तर त्यातल्या एकाचे दुखणे त्यामुळे थांबते. उरलेल्या एकोणीस जणांचे औषध न देताही तेवढेच झाले असते. उलट दर चौदा मुलांमागे एकाला त्याच औषधाने जुलाब, उलट्या किंवा अंगावर पुरळ येते. आधीच वजनाने कमी असलेल्या लेकराला चार दिवसांचे जुलाब म्हणजे काय, हे अंगणवाडीच्या वजनकाट्याला विचारा.

पण हा सगळ्या मुलांचा मिळून हिशोब आहे. 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सहा अभ्यासांतल्या सोळाशेहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात कोणाला फायदा जास्त, ते वेगळे निघाले. दोन वर्षांखालील आणि दोन्ही कानांत आजार असलेल्या बाळांत दर चौघांमागे एकाला प्रतिजैविकाचा फायदा झाला. ज्यांचा कान वाहत होता त्यांच्यात दर तिघांमागे एकाला. वीसमागे एक कुठे आणि तीनमागे एक कुठे!

आजीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बाळ दोन वर्षांखालचे आणि कान वाहणारा. मुलगी पाच वर्षांची, एकच कान, ताप थोडासा, पडदा लाल पण शाबूत, पाणी पीत होती, खेळतही होती. जागा उलट असत्या तर मुलीला बाटली मिळाली असती आणि पोराला पॅरासिटामॉल.

सहा महिन्यांखालच्या बाळाच्या कानाची वाट कधीच पाहायची नाही. 102 डिग्रीच्या वर ताप, दोन दिवसांहून जास्त टिकलेला जोराचा ठणका, कुपोषण, किंवा आधीपासून मोठा आजार असेल तर मोठ्या मुलाचीही वाट पाहायची नाही.

वाट पाहायला दार उघडे लागते

इथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. वर दिलेले बहुतेक आकडे श्रीमंत देशांतल्या मुलांचे आहेत. तिथे तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटणार हे ठरलेले असते. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी आई उसाच्या फडात असेल, पूल पाण्याखाली असेल, किंवा डॉक्टर शिबिराला गेलेले असतील. मग 'वाट पाहा' याचा अर्थ 'सोडून द्या' असा होतो. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी मुलांत कान वाहण्याचा आजार फार मोठ्या प्रमाणात आहे. म्हणून तिथल्या नियमावलीत या मुलांना वाट न पाहता लवकर औषध द्यायला सांगितले आहे. गर्दीची घरे, धूर, लहान वयातच सुरू होणारी सर्दी आणि दूरचा दवाखाना, ही कारणे आपल्याला परकी नाहीत.

आपल्या देशात लहान मुलांच्या आजारांसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना जे प्रशिक्षण मिळते, त्यातही कान दुखत असेल किंवा चौदा दिवसांपेक्षा कमी काळ वाहत असेल तर पाच दिवस अमॉक्सिसिलिन द्यायला सांगतात. कर्मचाऱ्याकडे कानात पाहण्याचे साधन नसते, म्हणून हा सुरक्षित बाजूचा नियम. तेव्हा उपकेंद्रात दुखणाऱ्या कानासाठी हे औषध मिळाले तर ती चूक समजू नका. डॉक्टरांनी कान आतून पाहिला असेल, मूल मोठे असेल आणि तिसऱ्या दिवशी परत येणे तुम्हाला जमणार असेल, तरच न देण्याचा निर्णय बरोबर ठरतो. येणे जमणार नसेल तर तसे तोंडाने सांगा. "साहेब, आम्ही परवा कामाला बाहेरगावी जाणार आहोत" एवढे सांगितले की डॉक्टरांचा निर्णय बदलू शकतो, आणि तो बदलायलाच हवा.

या सगळ्यात एक गोष्ट पहिली आहे, ती म्हणजे कान पाहणे. भिंग लावलेल्या बॅटरीने, जिला ओटोस्कोप म्हणतात, पडदा पाहायला अर्धा मिनिट लागतो. लांबूनच "काय होते?" विचारून चिठ्ठी लिहिली जात असेल, तर "डॉक्टर, जरा कानात पाहता का?" असे विचारायला लाजू नका.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये 1929 साली 'यंग इंडिया'त छापलेले एक पत्र दिले आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीने आला, तो तिला हात न लावण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या, आणि तसेच ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध पाठवले, पुन्हा यायला नकार दिला. बाई गेली. आज कोणी तसे करणार नाही, केले तर कायदा आहे. पण आपल्या कित्येक घरांत अजून 'हात लावून तपासा' म्हणायची जीभ उचलत नाही. लेकराच्या कानासाठी ती उचला.

अर्धी अर्धी बाटली

त्या घरात पुढे अपेक्षित तेच घडले. पोरीचा कान रात्री ठणकला आणि कोणीतरी बाळाच्या बाटलीतले दोन चमचे तिला पाजले. सकाळी आईनेच आम्हाला सांगितले. आम्ही रागावलो नाही. मात्र बाटली मागवून तिच्यावरचा कागद सगळ्यांसमोर वाचला.

अमॉक्सिसिलिनचा डोस वजनावर ठरतो. डॉक्टरांनी बाळासाठी जेवढे लिहिले तेवढेच त्या बाटलीत असते. त्यातले दुसऱ्याला दिले की बाळाचे शेवटचे दोन दिवस कोरडे जातात आणि मुलीला मिळालेले दोन चमचे तर कशालाच पुरत नाहीत. कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच पुढच्या सर्दीत नाकातून घरभर फिरतात. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात नेमका हाच धोका सांगितला होता. दुकानातून स्वतःच औषध आणून कमी प्रमाणात घेणाऱ्या माणसाचे उदाहरण त्यांनी दिले होते, आणि त्यात जीव जातो तो त्याच्या बायकोचा, कारण चिवट झालेले जंतू तिला लागतात.

ज्या काळात हे औषध नव्हते तो काळ फार मागे नाही. बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो 1926 साली. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर दोन वर्षांनी लागला आणि ते सामान्य माणसाच्या हाती यायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. आपल्या हाती आहे, तर ते बोथट करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

प्रतिजैविकाची गरज ओळखण्याचा नियम साधा असू शकतो, याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत 1988 पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना, दाईंनाही, खोकणाऱ्या लेकराचे श्वास मोजायला शिकवले. श्वास ठरावीक संख्येपेक्षा जास्त असेल तरच प्रतिजैविक द्यायचे. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले आणि तो अभ्यास 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कानासोबत खोकला असेल तर तुम्हीही मोजा. लेकरू शांत असताना एका मिनिटात, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास भरले, तर कानाचे राहू द्या, आधी छातीसाठी दवाखाना गाठा.

बाटलीबद्दल दोन शब्द. अमॉक्सिसिलिन पुष्कळदा कोरड्या भुकटीच्या रूपात येते. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे, फेस खाली बसला की पुन्हा खुणेपर्यंत पाणी. दर वेळी देण्याआधी हलवायचे, नाहीतर पहिले डोस पातळ आणि शेवटचे दाट होतात. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे मापाचे टोपण वापरा. एकदा मिसळलेले औषध सहसा सात दिवसच चालते. मागच्या वर्षीची उरलेली बाटली फेकून द्या. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाने आधी कधी अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

मेडिकलवाल्याकडे 'पॉवरची' मागू नका. पट्टीवर किंवा बाटलीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, अशी ती खूण आहे. तीन दिवसांची महागडी गोळी किंवा नवे नाव म्हणजे भारी औषध, ही समजूत चुकीची. कानाच्या या आजारावर जुने, स्वस्त अमॉक्सिसिलिन हेच आजही पहिल्या पसंतीचे आहे, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवे. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांनी कान बरा होत नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लेकरे गेली. त्यांतली कितीतरी उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. ते दुःख ताजे आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

ठणका आणि पू

प्रतिजैविक द्या की न द्या, दुखणे थांबवणे दोन्हीकडे हवेच. प्रतिजैविकाने पहिल्या रात्रीचा ठणका जात नाही, पॅरासिटामॉलने जातो. मात्रा वजनावर, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारहून जास्त वेळा नाही. बाटली 125 ची आहे की 250 ची, हे आधी वाचा. दहा किलोच्या लेकराला 125 च्या बाटलीतले 5 मिली पुरते. तेच 250 च्या बाटलीतले अडीच मिली. वाचता येत नसेल तर आशाताईला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा. ॲस्पिरिन लेकरांना देऊ नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी काहीच न देता थेट दवाखाना.

कान वाहत असेल तर तो कोरडा ठेवणे हे निम्मे औषध आहे. धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा पिळून वात करायची. वात हलकेच कानात ठेवायची, ओली झाली की काढून नवी घालायची, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून निदान तीन वेळा. आगपेटीची काडी, पिन, कानकोरणे, आठवडी बाजारातला कान साफ करणारा, यांतले काहीही नको. आत कापसाचा बोळा कोंबून ठेवू नये, पू आत कोंडतो. नाल्यात, नदीत डुंबणे कान कोरडा होईपर्यंत बंद. दुकानातून मिळेल ते थेंब घालू नका, कारण फाटलेल्या पडद्यातून काही थेंब आत जाऊन ऐकण्याच्या नसेला इजा करतात.

चौदा दिवसांच्या पुढे वाहणारा कान हा वेगळा, जुना आजार. त्याला पोटातल्या औषधापेक्षा वात आणि डॉक्टरांनी दिलेले योग्य थेंब लागू पडतात. पडद्याचे भोक बुजले नाही तर शस्त्रक्रिया करता येते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला, आणि उमरखेडमार्गे नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी चौकशी करा.

काही खुणा दिसल्या तर मात्र रात्र असली तरी थांबू नये. कानामागचे हाड सुजून लाल होणे, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, मान ताठ होणे, झटके, लेकरू सुस्त पडणे, पाणीही न पिणे, सगळे ओकणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे. 108 ला फोन करा.

शेवटच्या बाकावरचे पोर

कान कोरडा झाला तरी पडद्यामागचे पाणी काही आठवडे, कधी तीन महिने राहते. तेवढे दिवस लेकराला कमी ऐकू येते. दुखत काहीच नाही, म्हणून घरात कळत नाही. हाक मारली तर ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो, शब्द बोबडे बोलतो. शाळेत गुरुजींना वाटते, लक्ष नाही, मंद आहे. आपल्या मुलांच्या पाठीवर असे शिक्के मारायला काही लोक तसेही उत्सुक असतात. आम्हाला एक मुलगा माहीत आहे, जो दुसरीपर्यंत 'ढ' होता. कानातले पाणी उतरले आणि पहिल्या बाकावर बसायला मिळाले, तेव्हा त्याला पाढे ऐकू यायला लागले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. तपासायच्या यादीत कानाचा आजार आणि ऐकणे दोन्ही आहेत. पथक येण्याची तारीख अंगणवाडीताईला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला मजुरीवर सोबत नेऊ नका.

होऊ नये म्हणून काय, तर तीन-चार गोष्टी. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. बाटली वापरायची वेळ आलीच तर आडवे झोपवून पाजायचे नाही, दूध त्या आडव्या नळीकडे जाते. चुलीचा आणि बिडीचा धूर लेकराच्या अंगावर नको, मग बिडी ओढणारा आजोबा असो की पाहुणा. आणि न्यूमोकोकल लस, म्हणजे पीसीव्ही. ज्या जंतूने न्यूमोनिया होतो त्यानेच बऱ्याचदा कान पिकतो. ही लस 2021 पासून सरकारी लसीकरणात देशभर आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा, मोफत. लसीकरण कार्डावर तिन्ही खुणा आहेत का, ते आज काढून पाहा.

त्या घरातल्या मुलीला तिसऱ्या दिवशी आजीच दवाखान्यात घेऊन गेली. आई निंदणाला गेली होती. ठणका दुसऱ्या रात्रीच थांबला होता. डॉक्टरांनी पुन्हा कान पाहिला, पडद्याची लाली उतरली होती, प्रतिजैविक लागले नाही. बाळासाठी मुलीला पाजलेल्या डोसांएवढे औषध कमी पडत होते, ते आजीने न लाजता सांगितले आणि दुसरी बाटली घेतली. पाचव्या दिवशी बाळाची वात कोरडी निघाली. दीड महिन्याने पुन्हा ऐकणे तपासायला बोलावले आहे. तारीख आजीने विहारातल्या कॅलेंडरवर लिहून घेतली, कारण घरचे कॅलेंडर पावसाने भिजले होते.